समुद्रकाठच्या खानावळीत जेवताना : मराठवाड्यातून कोकणात जाणाऱ्यांसाठी

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. आपल्याकडे ओली मासळी येते ती गोदावरीतून, पैठणच्या नाथसागरातून किंवा गावाजवळच्या तलावातून. समुद्राच्या मासळीची आपली ओळख म्हणजे आठवडी बाजारात गोणपाटावर मांडलेली सुकट आणि सुके बोंबील. त्यामुळे परभणी, लातूर किंवा बीडहून निघालेले कुटुंब दिवसभराचा प्रवास करून मालवणला, गुहागरला किंवा हर्णैला पोहोचते, खानावळीत बसते, आणि समोर आलेल्या यादीतील सौंदाळा, मोदक, मुडदुशे, तिसऱ्या ही नावे वाचून शेवटी ओळखीचे म्हणून सुरमई तरी मागवते किंवा पनीर तरी. आमच्या घरच्या पहिल्या सहलीत असेच झाले होते. समुद्र पन्नास पावलांवर होता आणि आम्ही सात जण पनीरची भाजी व तंदुरी रोटी खात होतो. त्यानंतर अनेकदा किनाऱ्यावर गेलो, खानावळी चालवणाऱ्या बायकांना विचारून विचारून शिकलो. जे शिकलो ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी चवीचा एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा. नदी-तलावातल्या माशाला बहुधा चिखलाचा वास असतो, म्हणून आपल्याकडे रोहू, कटला किंवा मरळ शिजवताना लसूण, काळा मसाला आणि तेल यांचा हात सैल सोडावा लागतो. ताज्या समुद्री माशाला तशी गरज नसते. त्याची चव त्याच्या ताजेपणातच असते. मसाला तिला झाकण्यासाठी नसून सोबतीला असतो. काळ्या मसाल्याच्या तर्रीची सवय असलेल्या जिभेला मालवणी कालवण पहिल्या घासाला सौम्य वाटते, आणि मग माणूस वेटरला 'थोडं झणझणीत करून आणा' असे सांगतो. तसे सांगू नये. दोन-तीन घास थांबावे. नारळ, धणे, मिरची आणि आमसूल यांच्या मागून माशाची स्वतःची गोडी पुढे येऊ लागते, आणि एवढ्या लांब आपण आलो आहोत ते तिच्यासाठीच.

केव्हा जावे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा काळ पुष्कळ माशांच्या विणीचा असतो आणि समुद्रही खवळलेला असतो, अशी या बंदीमागची दोन कारणे आहेत. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नसली, तरी पावसात त्यांचे प्रमाण थोडेच असते. म्हणजे जुलैमध्ये एखाद्या हॉटेलात सुरमई, पापलेट, रावस असे सगळे मासे मुबलक मिळत असतील, तर त्यातले बरेचसे बर्फातले किंवा दुसऱ्या किनाऱ्याहून आलेले आहेत असे समजायला हरकत नाही. त्या दिवसांत खाडीतली मासळी, तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या), खेकडे आणि सुकी मासळी यांकडे वळावे. कोकणातली घरेही पावसाळ्यात तेच करतात. सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) घातलेली वांग्याची भाजी किंवा सुकटीची किसमूर (खोबरे-कांदा घालून केलेली कोशिंबीर) खाल्ली, तर आपल्या बाजारातली सुकट इतकी चविष्ट होऊ शकते याचे नवल वाटेल.

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि नव्या हंगामाची सुरुवात मानली जाते. पण श्रावण संपेपर्यंत अनेक घरगुती खानावळींत मासे शिजत नाहीत, आणि गणपतीच्या दिवसांत तर मुळीच नाहीत. शिमग्यालाही होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. या सगळ्याचा विचार केल्यास मराठवाड्यातून जाणाऱ्याला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा पडतो. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते हे खरे, परंतु तेव्हा गर्दी इतकी असते की खानावळवाल्या बाईंना आपल्याशी दोन शब्द बोलायलाही उसंत नसते, आणि तिथले जेवण समजून घ्यायचे असेल तर ते दोन शब्द फार मोलाचे असतात.

लातूर-धाराशिवकडची मंडळी सोलापूर, सांगली, कोल्हापूर या मार्गाने आंबा घाट उतरून रत्नागिरीला जातात, किंवा गगनबावड्याकडून करूळ घाटाने मालवणच्या बाजूला उतरतात. संभाजीनगर-जालन्याकडच्यांना पुण्यावरून ताम्हिणी घाटाने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली ही बाजू जवळची. कोणत्याही वाटेने गेले तरी पहिल्या दिवशी माणूस थकलेला असतो आणि घाटाच्या वळणांनी पोट ढवळलेले असते. त्या रात्री भात, डाळ आणि सोलकढी घेऊन झोपावे. मासळीचे मोठे जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवावे.

कोठे बसावे

किनाऱ्यावर जेवणाच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात : समुद्र दिसेल अशा गच्चीची मोठी उपाहारगृहे, बाजारपेठेतल्या जुन्या खानावळी, आणि घराच्या पडवीत चार-सहा टेबले मांडून चालवलेली घरगुती भोजनालये. पहिल्या प्रकारात जागेला मोल असते. तिथे जेवण वाईटच असते असे नाही, परंतु रोज येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांना रुचेल असे सर्वांगी स्वयंपाकघर सांभाळताना पंजाबी, चायनीज आणि मालवणी यांचा मसाला एकमेकांत मिसळतो. माझे मत स्पष्ट आहे : सूर्यास्ताच्या वेळी त्या गच्चीवर चहा-भजी घ्यावी, आणि जेवायला आतल्या गल्लीतल्या पडवीत जावे. जिथे बँकेतले कर्मचारी, शिक्षक आणि एसटीचे चालक-वाहक दुपारी जेवताना दिसतात, ती जागा सहसा चुकत नाही.

घरगुती भोजनालयाची एक शिस्त असते आणि ती पाळावी लागते. तिथे मासळी सकाळी आणली जाते आणि जेवणाऱ्यांच्या संख्येच्या अंदाजानेच शिजवली जाते. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फोन करून किती माणसे आहेत, त्यांत मासळी न खाणारे किती आणि लहान मुले किती, हे सांगून ठेवावे. दुपारी साडेबारा ते दोन ही तिथली खरी वेळ. साडेतीनला बारा जण घेऊन दारात उभे राहिल्यावर ताट मिळाले, तरी त्यात सकाळचे मन उरलेले नसते. आपल्याकडे शेतावरून आलेल्या पाहुण्याला कोणत्याही वेळी पिठलं-भाकरी करून घालण्याची रीत आहे, त्यामुळे हे थोडे परके वाटते. परंतु मासळीचा स्वयंपाक पिठल्यासारखा ऐनवेळी उभा राहत नाही.

यादी बाजूला ठेवून काय विचारावे

बसल्याबरोबर यादी न उघडता एकच प्रश्न विचारावा : 'आज काय आलंय?' या एका प्रश्नाने जेवणाची दिशा बदलते. यादी वर्षभराची असते, समुद्र रोजचा असतो. तारकर्लीजवळच्या एका पडवीत मी सुरमईच सुरमई म्हणत असताना वाढणाऱ्या काकूंनी सांगितले, 'आज बांगडो बरो गावलो, तोच घेवा.' सुरमईच्या तुकडीच्या मानाने बांगड्याला पैसे कमी पडले, आणि त्या सहलीतले सर्वांत चांगले जेवण तेच ठरले. उत्तर देताना समोरच्याने एखाद-दोन मासळ्यांची नावे ठामपणे घेतली तर समाधान मानावे. 'सगळं आहे, काय पाहिजे ते सांगा' असे उत्तर आले, तर जरा सावध व्हावे.

पुढचे पाऊल म्हणजे मासा दाखवायला सांगणे. यात अपमान मुळीच नाही. किनाऱ्यावर ही रोजची रीत आहे. ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि चकचकीत असतात, कल्ले उचलून पाहिले तर लालबुंद दिसतात, अंग बोटाने दाबले की खड्डा राहत नाही, आणि वास समुद्राचा येतो. डोळे खोल गेलेले, कल्ले तपकिरी पडलेले आणि वास उग्र असेल तर दुसरा मासा मागावा. तिसऱ्या शिजल्यावर उघडतात. ताटात आलेली जी शिंपली घट्ट मिटलेली राहिली असेल, ती जोर लावून उघडून खाऊ नये, बाजूला ठेवावी. खेकडा हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. अमावास्येच्या आसपास खेकडे भरलेले असतात आणि पौर्णिमेला पोकळ, असे किनाऱ्यावरचे लोक सांगतात, म्हणून कुर्ल्यांचे कालवण खायचे असेल तर कालनिर्णयावर नजर टाकून जाणारेही मी पाहिले आहेत.

मासळीची नावे गावागणिक बदलतात याचीही मनाची तयारी ठेवावी. एका गावात जिला तारली म्हणतात, तिच्याच कुळातली लहान मासळी दुसऱ्या गावात पेडवे म्हणून येते. कोळंबीला मालवणकडे सुंगटे म्हणतात, खेकड्यांना कुर्ल्या, माकूल हे नाव मऊ अंगाच्या, काटे नसलेल्या प्राण्याचे असते, आणि मोदक हा गोड पदार्थ नसून मासा आहे हे ऐकून आमच्या मुलांना फार आनंद झाला होता. नाव कळले नाही तर सरळ मासाच पाहावा.

शक्य असेल तर जेवणाच्या आधी एकदा लिलाव पाहावा. दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावर होड्या येतात, मासळी वाळूवर ढिगांनी मांडली जाते आणि बोली लागते. मालवणच्या बाजूला नशीब असेल तर सकाळी रापण ओढताना दिसते : लांबच लांब जाळे होडीने अर्धवर्तुळात टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात, आणि तास-दोन तासांच्या श्रमानंतर जाळ्याचा पोट भरलेला भाग वाळूवर येतो. ते पाहिल्यावर दुपारच्या ताटातल्या बांगड्याची किंमत वेगळ्या रीतीने समजते, आणि ताटात मासा टाकून उठण्याचे धाडस होत नाही.

दर आणि बिल

यादीत काही पदार्थांपुढे आकडा नसतो. तिथे 'साईजप्रमाणे' किंवा 'बाजारभावाप्रमाणे' असे लिहिलेले असते. पापलेट, शेवंड (लॉबस्टर), मोठी कोळंबी आणि खेकडे यांच्या बाबतीत हे हमखास आढळते. मासळीचा भाव रोज बदलतो, त्यामुळे ही पद्धत मुळात चुकीची नाही. चूक होते ती न विचारण्यात. एका ठिकाणी आम्ही चार पापलेटे मागवली, भाव विचारायला संकोच वाटला, आणि बिल पाहून परतीच्या मुक्कामाचा बेत बदलावा लागला. म्हणून मासा पाहून झाल्यावर, तो तव्यावर पडण्याआधी, 'हा एक केवढ्याला?' असे नेमके विचारावे. वजनावर भाव असेल तर वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे तेही विचारून घ्यावे, कारण डोके, पोट आणि खवले गेल्यावर वजनात चांगलीच घट होते.

थाळीत कोणत्या वस्तू पुन्हा वाढतात याचीही चौकशी करावी. बहुतेक ठिकाणी भात, आमटी किंवा कालवणाचा रस पुन्हा मिळतो. तळलेली तुकडी आणि सोलकढी पुन्हा घेतली तर त्यांचे पैसे वेगळे लागतात. दोन माणसांत एक थाळी चालेल का, हे बसण्याआधी विचारणे बरे.

साध्या उपाहारगृहातील जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो. २० लाख रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान घरगुती भोजनालयांना सहसा नोंदणीची गरज नसते, आणि नोंदणीच नसेल तर कर आकारता येत नाही. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरणाऱ्या लहान व्यावसायिकालाही ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. सेवाशुल्क मात्र कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही. देणे न देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. ते बिलात आढळले तर शांतपणे काढून टाकण्यास सांगावे. तरीही प्रश्न सुटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. घरगुती खानावळीत असा प्रसंग माझ्यावर कधी आलेला नाही. तिथे उलट निघताना मुलांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली जाते.

ताट कसे जेवावे

मालवणी ताट पुढे आल्यावर त्यात साधारणपणे तळलेला मासा, वाटीत कालवण, सुके (म्हणजे बिनरश्श्याचा प्रकार) किंवा एखादी भाजी, तांदळाची भाकरी किंवा वडे, भात आणि सोलकढी असते. यातला 'वडा' हा बटाटावडा नव्हे. तांदूळ, उडीद, धणे, मेथी यांच्या जाडसर पिठाचा तो पुरीसारखा फुगलेला तळीव प्रकार आहे आणि कोंबडीच्या रश्शासोबत त्याची जोडी जमते. तांदळाची भाकरी आपल्या ज्वारीच्या भाकरीहून पातळ आणि मऊ असते. ज्वारीच्या भाकरीसारखी ती कुस्करून काला करायला गेल्यास लगदा होतो. लहान तुकडा मोडून त्याने कालवण उचलावे. ज्वारीची भाकरी मिळेल का, असे विचारून यजमानांना अडचणीत टाकू नये.

आधी भाकरीबरोबर तळलेला मासा आणि सुके खावे, मग भातावर कालवण घ्यावे. भात बहुधा उकड्या तांदळाचा, जाड आणि थोडा तांबूस असतो. आंबेमोहोर किंवा बासमतीची सवय असलेल्यांना तो कच्चा राहिल्यासारखा वाटतो, पण पातळ कालवण शोषून घेऊनही दाणा मोडत नाही हाच त्याचा गुण आहे. कालवणाची आंबट चव आपल्या चिंचेची नसते, बहुतेक वेळा आमसुलाची असते, आणि ती जिभेच्या कडांना हळू लागते.

बांगड्याच्या तिखल्यात किंवा पेडव्यांच्या कालवणात हिरवट-काळसर, मिरीपेक्षा मोठी, फुटलेली फळे दिसतील. ते तिरफळ. तिरफळाचे बी काढून टाकून फक्त साल वापरतात. तिचा वास रसात उतरतो आणि तेलकट माशाचा उग्रपणा कमी होतो. ते चावू नये. चावले तर जीभ काही मिनिटे बधिर होते. आमच्यातल्या एकाला डॉक्टर गाठावा की काय इतकी काळजी वाटली होती. तिरफळ ताटाच्या कडेला काढून ठेवावे, एवढेच.

सोलकढीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची अडचण तिथेच होते. माझ्या आत्यांनी गुलाबी रंगाचा पेला पाहून तो परत ढकलला होता. 'माशासंगं दूध कुटं पितेत का?' असे त्यांचे म्हणणे. मासे आणि दूध एकत्र खाऊ नये हा समज आपल्याकडे पक्का आहे, आणि सोलकढी दिसतेही दुधासारखी. परंतु तिच्यात गाई-म्हशीच्या दुधाचा थेंबही नसतो. ओले खोबरे वाटून पिळलेला नारळाचा रस, कोकमाचे आगळ (म्हणजे कोकमाचा दाट रस), लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि वर कोथिंबीर, एवढीच तिची सामग्री. हे समजल्यावर आत्यांनी दुसरा पेलाही मागून घेतला. काही जागी नारळाच्या रसाऐवजी पाणी वाढवून किंवा तयार पाकिटातली पावडर घालून रंगीत पाणी देतात. खऱ्या सोलकढीचा घोट घट्टसर लागतो आणि पेला थोडा वेळ तसाच ठेवला तर नारळाचा रस वर येऊ लागतो. ती जेवणाच्या मध्ये थोडी आणि शेवटी भातावर थोडी घ्यावी.

काटे काढण्याची रीत

मराठवाड्यातली अनेक माणसे मासे टाळतात ती चवीमुळे नव्हे, काट्यांच्या भीतीमुळे. ही भीती रास्त आहे, कारण रोहू-कटल्याच्या मांसात बारीक, दुफाळी काटे सर्वत्र विखुरलेले असतात. समुद्री माशांपैकी निवडक जातींत हा त्रास फार कमी असतो, म्हणून शिकण्याचा क्रम ठरवून घ्यावा.

सुरुवात सुरमईपासून करावी. तिची तुकडी आडवी कापलेली असते. मधोमध कण्याचा गोल तुकडा असतो आणि त्याच्याभोवती मांसाचे भाग सहज सुटतात. पोटाकडच्या बाजूला काही लांब काटे असतात, ते बोटाला लगेच जाणवतात. पापलेटही सोपे. त्याच्या कण्यावरून वरचा भाग बोटाने कडेकडे सरकवला की अख्खी पाकळी हातात येते, मग कणा शेपटीकडून उचलून काढला की खालची पाकळी मोकळी होते. या दोन माशांवर हात बसला की बांगडा घ्यावा. बांगड्याच्या पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटाने एक रेघ ओढल्यासारखे करावे. तिथून मांस दोन्ही बाजूंना सुटते. मधला कणा एकसंध निघतो. पोटाजवळचे बारीक काटे तेवढे जपून वेगळे करावे लागतात. ताजा बोंबील तळला तर त्याचा काटा मऊ असतो आणि तो बहुतेक जण सकट खातात. कुरकुरीत तळलेल्या मांदेलीचेही तसेच. तारली-पेडव्यांना मात्र काटे पुष्कळ असतात, ती मासळी पहिल्याच दिवशी मागवू नये.

हे सर्व हाताने करावे. चमच्याला काटा कळत नाही, बोटांना कळतो. घास आधी बोटांच्या चिमटीत चाचपावा, मग तोंडात घालावा, आणि माशाचा घास असताना बोलू नये, हसू नये. मुलांना हे जेवणाआधीच सांगावे. माशाचा घास आणि भाताचा घास वेगवेगळा घेतला तर काटा भातात लपत नाही. लहान मुलांच्या ताटात मासा जसाच्या तसा न वाढता मोठ्यांनी मांस सोडवून, पुन्हा एकदा चाचपून, मग वाढावा. आमच्याकडे हे काम थोरल्या वहिनींनी आपणहून स्वीकारले आहे आणि त्यांचे जेवण नेहमी शेवटी होते. पुढच्या वेळी त्यांना आधी जेवू घालायचे असे आता ठरवले आहे.

एवढे करूनही काटा घशात टोचला, तर आपल्याकडे लगेच सुक्या भाताचा किंवा भाकरीचा गोळा, नाहीतर केळे गिळायला देतात. तसे करू नये. त्याने काटा आणखी खोल रुतण्याचा संभव असतो. जेवण थांबवावे, हलके खोकून पाहावे, आणि टोचणे कायम राहिले किंवा गिळताना दुखू लागले तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

तब्येतीच्या आणखी दोन गोष्टी येथेच सांगतो. ज्यांनी पूर्वी कधी कोळंबी, खेकडे किंवा शिंपले खाल्लेले नाहीत, त्यांनी पहिल्या वेळी थोडेसेच खाऊन पाहावे. काहींना त्याची ॲलर्जी असते, आणि ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा श्वास लागणे असे काही झाले तर विलंब न करता दवाखाना गाठावा. तसेच बांगडा, सुरमई यांसारखे मासे उन्हात किंवा उष्ण जागी बराच वेळ पडून राहिले, तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. म्हणून वाळूवरच्या गाड्यावर मसाला लावून दुपारपासून उघड्यावर मांडलेला मासा, कितीही लालभडक आणि आकर्षक दिसला, तरी घेऊ नये.

माळकरी मंडळी सोबत असतील तर

पैठण, नर्सी आणि अंबाजोगाई यांच्या या भूमीत अनेक घरांत गळ्यात तुळशीची माळ असलेले कोणी ना कोणी असते. सहलीला ते येतात, नातवंडांसोबत समुद्र पाहतात, आणि जेवायच्या वेळी खोलीवर बसून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर धपाटे किंवा दशमी खातात. हे मला फार खटकते. त्यांची भूक आणि त्यांचा मान, दोन्हींची सोय करता येते. फक्त ती आधी करावी लागते.

कोकणात शाकाहारी जेवणाची परंपरा तितकीच समृद्ध आहे. गुहागर, गणपतीपुळे, दापोली या भागांत केवळ शाकाहारी घरगुती भोजनालये सहज मिळतात. माळकरी मंडळींना तिथेच न्यावे आणि निदान एक वेळ सर्वांनी त्यांच्यासोबत तेच जेवावे. डाळिंब्यांची उसळ, काळ्या वाटाण्याचे सांबार, हंगाम असेल तर ओल्या काजूगरांची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, नारळाच्या गोड रसात बुडवलेले शिरवाळे : हे ताट मासळीच्या ताटापुढे कोठेही कमी पडत नाही. सोलकढी तर दोन्हीकडे असतेच.

एकाच ठिकाणी बसणे भाग असेल, तर शाकाहारी स्वयंपाकाची भांडी, तवा आणि तेल वेगळे आहे का हे फोनवरच विचारून घ्यावे. उत्तर 'नाही' आले तर ते प्रामाणिकपणे दिले म्हणून आभार मानावे आणि दुसरी जागा पाहावी. 'मासा बाजूला काढून रस खा' असे माळकऱ्याला कोणी गमतीनेही म्हणू नये. एकादशी आणि सोमवार-गुरुवारचे उपवास प्रवासाचे दिवस ठरवतानाच पाहून ठेवले, तर कोणावरही कोणासाठी थांबण्याची वेळ येत नाही. घरून आणलेला डबा खानावळीत उघडायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. आतापर्यंत मला कोणी नाही म्हटलेले नाही. एका ठिकाणी तर त्या बाईंनी आमचे धपाटे चाखून पिठाचे प्रमाण लिहून घेतले.

परत येताना

हाताचा वास साबणाने लगेच जात नाही. लिंबाची फोड बोटांवर चोळून मग साबण लावावा. ओली मासळी बर्फात घालून मराठवाड्यापर्यंत आणण्याचा मोह आवरावा. रात्रभराच्या प्रवासात बर्फ वितळतो, आणि उतरताना गाडीतल्या सहप्रवाशांचे चेहरे पाहवत नाहीत. सुके बोंबील, सोडे आणि सुकट आणायला हरकत नाही. मात्र ती कडकडीत वाळलेली आहेत ना हे मोडून पाहावे आणि दोन पिशव्यांत घट्ट बांधून डिकीत ठेवावी.

आमसुले आणि आगळाची बाटली मात्र अवश्य आणावी. आगळात मीठ घातलेलेच असते, म्हणून घरी सोलकढी करताना आधी आगळ नारळाच्या रसात मिसळावे, चाखून पाहावे, आणि लागलेच तर वरून मीठ घालावे. ती करून ठेवू नये, जेवायला बसण्याच्या थोडे आधीच करावी, आणि गॅसवर अजिबात चढवू नये. नारळाचा रस फाटतो.